रिकाम्या मशीनवरचा नाच

अक्कांच्या दुकानातून शिवलेला ब्लाऊज घरी न्यायचा असेल तर आधी तो घालून नाचून दाखवावं लागायचं. हा नियम होता, आणि तो सगळ्यांना सारखा होता. लग्न परवावर आलंय म्हणून हातापाया पडणाऱ्या नवरीलाही आणि काठी टेकत आलेल्या तिच्या आजीलाही.

"उभं राहिलं की सगळ्यांनाच बसतो ग ब्लाऊज," अक्का म्हणायच्या. "तू काय दुकानातला पुतळा? हात वर कर. फिर. वाक. सरी, ठीक आहे. आता नाच."

नवीन गिऱ्हाईक आधी हसायचं, मग इकडेतिकडे बघायचं, मग म्हणायचं, मला नाचता येत नाही. त्यावर अक्कांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी कुठं नाचता येतं का विचारलं? सुम्ने नाच."

सुम्ने म्हणजे कन्नडमध्ये उगाच, काही कारण नसताना. म्हैसुरात आल्यावर मी शिकलेला हा पहिला शब्द, आणि तो अक्कांनीच शिकवला. त्यांच्या घरात मराठीच बोलायचे, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच काढलेल्या, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये संपायचं. पहिले दोन महिने मला त्यांचं निम्मंच बोलणं कळायचं. तेवढ्यावर काम भागायचं, कारण उरलेलं निम्मं त्या हातांनी आणि कमरेने सांगायच्या.

सत्तरीच्या, बुटक्या, चांगल्या रुंद. डोक्यात रोज मोगरा, गळ्यात टेप. ही टेप त्या काढायच्याच नाहीत. विठ्ठलाच्या देवळात जातानाही ती गळ्यात असायची, आणि पुजाऱ्याला एकदा त्यांनी भर आरतीत सांगितलं होतं की देवाचा शेला चार बोटं आखूड झालाय. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. ऐकणाऱ्यालाच भीती वाटायची, मला तर फारच.

मला त्या वेळी सगळ्याचीच भीती वाटायची. बार्शीकडच्या गावातून लग्न करून आले होते. शाळा नववीत सुटलेली, कन्नड येत नाही, बस कुठे जाते ते पाटीवर वाचता येत नाही. यांची नोकरी जवळच्याच बेळगोळ भागातल्या एका कारखान्यात, शिफ्ट बदलत राहायची. म्हैसूरच्या कडेला हूटगळ्ळीत नवी घरं उठत होती, तिथल्या एका घराच्या वरच्या खोलीत आमचा संसार. घर अक्कांच्या मुलाचं. तळमजल्यावर मागे अक्का राहायच्या आणि पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान.

हे कामावर गेले की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. हात गार, तोंडाला कोरड, आणि एकच विचार की आता मी इथे पडणार आणि कुणाला कळणारसुद्धा नाही. मग मी यांना फोन करायची. हे मशीन थांबवून, साहेबाला सांगून, बाइकवरून धावत यायचे. असं चारपाच वेळा झालं. तीनदा छातीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम चांगलं आहे, जेवा, हिंडाफिरा. मी जेवतही नव्हते आणि हिंडतही नव्हते. शेवटी एके दिवशी हे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. नाहीतर तुला गावी आईकडे सोडतो. मला रोज असं येता यायचं नाही." रागाने नाही म्हणाले. दमलेल्या माणसाने म्हणावं तसं म्हणाले, म्हणून जास्त लागलं. गावी गेले असते तर मी आजारी सून झाले असते. सासूबाई काळजीच्या, पण त्यांनी मला खाटेवरून उठू दिलं नसतं, आणि मग परत म्हैसूर कसलं. दसऱ्याला सात महिने होते.

अक्कांनी मला खाली बोलावलं ते वेगळ्याच कारणाने. "वर पावलाचा आवाजच येत नाही," त्या जिन्याखालून ओरडल्या. "भाडेकरू ठेवलाय की फोटो? खाली ये, ब्लाऊज शिवते तुला."

माप घेताना माझ्या ब्लाऊजमधून घडी घातलेली चिठ्ठी खाली पडली. अक्कांनी उचलली, उलटीसुलटी करून बघितली, मराठी वाचता येईना म्हणून मला दिली. "वाच."

मला रडूच आलं. पण वाचली. माझं नाव, यांचा नंबर, भावाचा नंबर, आणि 'मला काही झाल्यास कळवावे.'

अक्कांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि मग खुर्चीची पाठ धरून पोटभर हसल्या. "अय्यो देवा! अगं, इथं रस्त्यात पडलीस तर हे मराठी वाचणार कोण? तुझा भाऊ गाडीत बसून येणार, वाचणार, आणि मग स्वतःलाच फोन करणार?"

खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सहा महिने ती चिठ्ठी मी जिवापाड जपली होती.

त्यांनी कॅलेंडरचा मागचा महिना फाडला आणि त्याच्या मागे कन्नडमध्ये चार ओळी लिहिल्या. "हे ठेव."

"काय लिहिलंय अक्का?"

"हिला पाणी द्या, वाऱ्याला बसवा, हिला काही झालेलं नाही. खाली माझा नंबर." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "धडधडतं कधी?"

"बसले की."

"मग बसतेस कशाला? नाच की. नाचताना धडधडलं तर निदान कशानं धडधडतंय ते तरी कळतं."

तीन डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला पटलं नव्हतं. हे का कोण जाणे, पटलं. अगदी पटलं असंही नाही, पण उद्या चार वाजता खाली यायचं मी कबूल केलं.

चार वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. कापायच्या टेबलावरचं कापड आवरायचं. आरशावर जुनी चादर पडायची, कारण अक्कांच्या मते आरसा मापासाठी असतो, नाचासाठी नाही. आणि मग वाजायचं ते शिवणाचं मशीन. जुनं पायमशीन होतं. चाकाचं मधलं बटण सैल केलं की सुई थांबते आणि चाक नुसतं फिरत राहतं. अक्का पायाने खालचा पायटा मारायच्या आणि त्या रिकाम्या मशीनच्या टक टक टकटक टकवर आम्ही नाचायचो. फोनवर गाणी होती, स्पीकरही होता. पण अक्का म्हणायच्या, गाणं माणसाला पळवतं, मशीन माणसाच्या मागून येतं. म्हातारी बाई असली की पायटा हळू. तरुण असली की जोरात. कुणाला धाप लागली तर त्यांना ती पाठमोरं बसूनही ऐकू यायची, आणि चाक आपोआप मंद व्हायचं.

शिकवणं असं काही नव्हतंच. जिला जे काम येतं ते तिने नाचात आणायचं. कृष्णराजनगरच्या एक बाई महिन्यातून दोनदा बसने यायच्या, त्यांचं भाताचं शेत होतं. त्या वाकून रोपं लावत मागे मागे सरकायच्या, आणि आम्ही सगळ्या त्यांच्यासारख्या. शाळेतल्या टीचर फळा पुसायच्या, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. कुणी पीठ मळायचं, कुणी चादर पिळायचं. वीस मिनिटांत घाम फुटायचा आणि काम एक पैचं झालेलं नसायचं. अक्का खूश.

मी पहिल्या दिवशी दाराची चौकट धरून नाचले. दुसऱ्या दिवशीही. कुणी चौकट सोड म्हटलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "तुझ्या गावचं काय येतं?"

"काही नाही. फुगडी येते."

"म्हणजे?"

सांगता येईना, म्हणून मी त्यांचे हात तिढा घालून धरले आणि पाय जुळवले. अक्का जड, मी काडी. फिरायला लागलो तशी मीच भिंतीवर आपटते की काय असं झालं. टेप माझ्या तोंडावर आपटत होती, मोगऱ्याच्या कळ्या उडत होत्या, टीचर "इन्नोंद सल, इन्नोंद सल", अजून एकदा, म्हणून टाळ्या पिटत होत्या. शेवटी अक्काच ओरडल्या, "साकु! बस, साकु ग बाई!" आम्ही दोघी कापडाच्या ढिगावर पडलो. माझ्या छातीत असा काही नगारा वाजत होता की विचारू नका. आणि मी हसत होते. त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. हे बघतच राहिले.

अक्कांचा विक्षिप्तपणा नुसता गमतीचा नव्हता हे मला मॅडमवरून कळलं. मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, कडक. भाचीच्या लग्नाचा रेशमी ब्लाऊज न्यायला आल्या. अक्का म्हणाल्या, नाचा. मॅडम म्हणाल्या, मी नाचत नाही. अक्का म्हणाल्या, मग मी ब्लाऊज देत नाही. दोघी अर्धा तास समोरासमोर. शेवटी मॅडमनी कंटाळून हात वर केले. डावा गेला, उजवा खांद्याशी अडला.

मशीन थांबलं. "हा कधीपासून वर जात नाही?" अक्कांचा आवाज एकदम वेगळा होता.

"आहे थोडं दुखणं."

"केस कुठल्या हाताने विंचरता?"

मॅडमनी डावा हात दाखवला. चार महिने त्या डाव्या हाताने विंचरत होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. अक्कांनी तिथल्या तिथे बाही उसवली, काखेत जास्तीचा तुकडा घातला आणि ब्लाऊज दिला. दोन अटींवर. आधी डॉक्टरला खांदा दाखवायचा, आणि डॉक्टर हो म्हणाला की रोज चारला यायचं. मॅडम आल्या. मोजून दहा मिनिटं, घड्याळ लावून. नंतर कधीतरी घड्याळ काढून ठेवायला लागल्या.

एकदा मी विचारलं, अक्का, हे वेड तुम्हाला लागलं कुठून? त्या बटण लावत होत्या, उभ्या उभ्याच. काज, बटण, हातशिलाई सगळं त्या टेबलाला टेकून उभ्यानेच करायच्या. म्हणाल्या, "आमचं घर शिंप्यांचं. आई बसून शिवायची, पाठीला बाक आला. मावशीचे पाय सुजायचे, चप्पल जायची नाही. भाऊ दिवसभर मशीनवर, रात्री हिशेबाला बसायचा, पन्नाशीत गेला. सगळे बसून बसून गेले ग. मी तसली जाणार नाही." एवढंच. मग लगेच, "दोरा दे, बघत काय बसलीस!"

दसरा जवळ येत गेला. धडधड अधूनमधून यायचीच, पण यांना फोन करणं बंद झालं होतं. मात्र हे काही बोलत नव्हते आणि मी विचारत नव्हते. सासूबाईंचा रविवारी फोन यायचा, "कधी आणतोस तिला?" हे म्हणायचे, "दसरा होऊ दे."

नवरात्रात आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम असायचा, मुलांची गाणी, कुणाचं भाषण. अक्कांनी जाऊन नाव देऊन टाकलं. अकरा बायका, मशीनवर नाच. मी म्हटलं, दहा. त्या म्हणाल्या, अकरा. सगळ्यांना एकसारखे हिरवे ब्लाऊज त्याच शिवणार होत्या. कापड उशिरा आलं. अक्का कापायच्या, मी हूक लावायची. मापं जुन्या वहीतून. अक्कांचा एक नेम होता, एकदा वहीत माप लिहिलं की त्या बाईला पुन्हा टेप लावायची नाही. पन्नास वर्षांची नजर, ती कशाला चुकेल. शेवटचा ब्लाऊज कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी झाला. "अक्का, नाचून बघायचं राहिलं," मी म्हटलं. "आपलीच माणसं," त्या म्हणाल्या. "यांची कसली ट्रायल?"

हॉलच्या मागे खुर्च्या रचलेल्या खोलीत आम्ही ब्लाऊज घातले. आधी टीचरनी "अय्यो" म्हटलं. मग मॅडमनी. मॅडमच्या ब्लाऊजचा खांदा घसरून दंडावर आलेला. टीचरच्या पाठीत दोन बोटं हवा. कृष्णराजनगरच्या बाई ब्लाऊज पुढून मुठीत धरून उभ्या. एक नाही, दोन नाही, दहाच्या दहा ब्लाऊज सैल.

अक्का खुर्चीत बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा बघत होते, मशीनवरचं बसणं सोडलं तर. मांडीवर वही. "नजर गेली माझी," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांसमोर. कुणी जायचं नाही वर. नाव काढून घेते."

बाहेर आमच्या आधी जिचा नंबर होता त्या मुलीचं गाणं सुरू झालं होतं. आणि माझं तर उलटंच झालं होतं, माझा ब्लाऊज सैल नव्हता. माझे खालचे दोन हूक लागतच नव्हते. मी श्वास ओढून धरला होता आणि पदराखाली हात घालून खेचत होते. अक्कांचं लक्ष गेलं.

"तुझं काय?"

"लागत नाही अक्का."

त्या उठल्या. गळ्यातली टेप काढली आणि माझ्याभोवती लावली. वहीत बघितलं. पुन्हा लावली. मग मॅडमना बोलावलं, त्यांना लावली. टीचरना लावली. पन्नास वर्षांत मोडला नव्हता तो नेम त्या खोलीत मोडत होता आणि अक्कांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत होतं.

"माप बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बायका बदलल्या! ह्या दहा जणी आटल्या आणि ही काडी भरली. अगं, इतके महिने नाचवून मीच माझी वही खोटी पाडली की!"

आणि त्या खो खो हसायला लागल्या, इतक्या की बाहेरून कुणीतरी शू केलं.

पुढच्या पाच मिनिटांत मी काय केलं ते मला मागून आठवलं. माझ्या ब्लाऊजच्या कडेची शिलाई अक्कांनी दाताने तोडली, आत दुमडून ठेवलेली जास्तीच्या कापडाची माया सोडली, आणि मी त्यांच्या टाचण्यांची उशी घेऊन एकेकीच्या मागे बसले. चुणी घाल, टाच, पुढची. "हात वर करा मॅडम. टीचर, श्वास घ्या. हलू नका ग." सगळ्यांना मी हुकूम सोडत होते, तोंडात टाचण्या धरून.

स्टेजवर मशीन चढवलं, अक्का बसल्या, चाक फिरलं. लोकांना वाटलं काहीतरी बिघडलंय, गाणं लागत नाहीय. मग टक टक टकटक टक सुरू झालं आणि कृष्णराजनगरच्या बाई वाकून रोपं लावायला लागल्या. मी शेवटच्या रांगेत होते. समोर बघितलं तर दाराशी हे, कारखान्याच्या कपड्यातच, हातात हेल्मेट. छाती धडधडायला लागली. हात गार. मला वाटलं, झालं, आता इथे, सगळ्यांसमोर. तेवढ्यात माझ्या पुढे नाचणाऱ्या मॅडमना कुठलीतरी टाचणी टोचली आणि त्या "आव" करून जागच्या जागी अशा उडाल्या की लोकांनी टाळ्याच वाजवल्या. अक्कांनी बघितलं, पायटा मारला, आणि टीचर उडाल्या. मग सगळ्याच. मीही उडाले. दोनदा, तीनदा. धडधडत होतंच, पण ते कशाने धडधडतंय ते मला माहीत होतं. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकाही तशाच धापा टाकत होत्या, आणि त्यांच्यापैकी कुणीही मरत नव्हतं.

अक्का आता मुलाकडे बंगळूरला असतात. मशीन नेलं नाही, मुलाने नेऊ दिलं नाही. फोनवर सांगत होत्या की तिथे लिफ्टची वाट बघत लोक नुसते उभे असतात, त्यांना बघवत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना लिफ्ट येईपर्यंत नाचवलं. ते गृहस्थ आता जिन्याने जातात. अक्का म्हणाल्या, "तेही चांगलंच."

त्या कार्यक्रमानंतर आम्ही बाइकजवळ आलो. हे माझ्याकडे बघत होते. माझ्या पाठीवर पदरात एक टाचणी अडकून राहिली होती, ती काढली. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"हां आई... नाही, तिकीट काढलं नाही... नाही, काढत नाही आता. अगं, ती यायची नाही." हे जरा थांबले, खाकरले. "आजारी कुठली! चार वाजता तिला नाचायला जायचं असतं... हो, नाचायलाच. बायका जमतात. म्हाताऱ्या पण असतात... तब्येतीला बरं असतं म्हणे."

यांनी फोन कानापासून जरा लांब धरला. मला खुणेने सांगितलं, आता ऐक, सुरू होईल. मी जवळ जाऊन कान लावला.

"बाळा," सासूबाई हळूच म्हणाल्या, "गुडघे दुखणाऱ्या बायकांना घेतात का रे तिथं?"